एका शनिवारचा मुखिया

वेलाफी झुंगूने त्या शनिवारी सकाळी अंगातला शर्ट काढायला होकार दिला आणि तिथून सगळं बिनसत गेलं. नाही म्हणाला असता तर काय झालं असतं? दोन बस परत गेल्या असत्या आणि गोवेंडरबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नसत्या. (त्या बोलल्या नाहीत तर आपलं काहीच अडत नाही, हे त्याला सोमवारी सुचलं. चांगल्या गोष्टी त्याला नेहमी सोमवारीच सुचतात.)

वेलाफी संस्कृती-ग्रामाच्या तिकीट खिडकीत बसायचा. एशोवे शहराच्या पुढे उसाचे मळे संपतात आणि डोंगर सुरू होतात, तिथे हे गाव आहे. गवताने शाकारलेल्या सात गोल झोपड्या, मधोमध गुरांचं कुंपण, कुंपणात भाड्याने आणलेल्या तीन गाई आणि बाहेर बसगाड्यांसाठी डांबरी तळ. या गावात कुणी राहत नाही. खरं गाव टेकडीपलीकडे आहे. तिथे पत्र्याची घरं आहेत, घरांवर टीव्हीच्या तबकड्या आहेत. खऱ्या गावातली माणसं रोज सकाळी टॅक्सी म्हणून धावणाऱ्या छोट्या व्हॅनमध्ये पंधरा-पंधरा जण कोंबून घेऊन खोट्या गावात येतात, मागच्या लोखंडी कंटेनरमध्ये जीन्स उतरवून कातडी नेसतात आणि लांबून आलेल्या पाहुण्यांना पूर्वजांची राहणी दाखवतात. पाच वाजले की पूर्वज पुन्हा जीन्स चढवून परतीची टॅक्सी पकडतात.

या सगळ्यांत अंगभर कपडे फक्त वेलाफीच्या वाट्याला आले होते. पांढरा शर्ट, निळा टाय, खिशाला पेन. टायवर त्याचा जीव होताच, पण गेल्या महिन्यापासून त्याचा सगळा संसारच त्या टायला लटकला होता.

त्याची बायको झिबुयिले बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. ल्वांडले तीन महिन्यांचा झाला, मान धरायला लागला, ओळखीचं हसायला लागला, तरी मायलेकरांचं परत यायचं नाव नाही. अडून बसल्या होत्या सासूबाई, मा-खोझा. त्यांच्या चर्चच्या महिला मंडळातल्या कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की तुमचा जावई त्या खोट्या गावात उघड्या अंगाने परक्या बायकांपुढे नाचतो. मा-खोझा मंडळाच्या अध्यक्ष. उघड्या जावयाच्या घरी मुलगी पाठवायला त्या काही तयार होईनात.

आता यावर सरळ उपाय काय? जावयाने उठावं, सासूसमोर जाऊन उभं राहावं आणि काय ते सांगून टाकावं. पण तेच तर करता येत नाही. जुन्या रीतीप्रमाणे सासू-जावयांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, एकमेकांसमोर खायचं-प्यायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. बाकीच्या सासवा हल्ली या रीतीला फारसं विचारत नाहीत. जावयाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर तळलेली कोंबडी खातात. मा-खोझा त्यातल्या नव्हेत. वेलाफी सासुरवाडीला गेला की त्या शाल नाकापर्यंत ओढून घ्यायच्या आणि तिच्याखालून जेवढं दिसेल तेवढंच बघायच्या. वेलाफी जोडे दाराशी काढून, मान खाली घालून जमीन न्याहाळायचा. लग्नाच्या एकूण एक फोटोत सासूबाई पाठमोऱ्या आहेत.

लग्नाला चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्याने त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, पण त्यांचे बूट त्याला पाठ झाले होते. काळे, बंदाचे, आणि डाव्या बुटाला अंगठ्याच्या मुळाशी सुरीने कापलेलं गोल भोक. तिथलं त्यांचं हाड वाढलं होतं, बूट टोचायचा. सासूबाईंचंही तसंच. जावयाचं नाक कसं आहे म्हणून विचारलं तर त्यांना सांगता आलं नसतं. पण त्याच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यामुळे खुलासा झाला तो फोनवर, तोही झिबुयिलेला मधे घालून. शुक्रवारी संध्याकाळी तिने फोन केला, स्पीकर लावला, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत असताना तिला बिचारीला पोस्टमनचं काम करावं लागलं.

"मांझिनी," ती म्हणाली. (झुंगूंना मान देऊन बोलायचं तर असंच म्हणतात.) "आई विचारतेय, तुम्ही तिथे नाचता का?"

"नाचतो का असं नको विचारूस," मागून सासूबाई म्हणाल्या. "उघडा नाचतो का, असं विचार."

"उघडे नाचता का?"

"त्यांना सांग, मी खिडकीत बसतो. टाय लावून."

"खिडकीत बसतात म्हणे. टाय लावून."

"कसला टाय?"

"निळा," वेलाफी थेट बोलून गेला. मग त्याने घाईघाईने सारवासारव केली. "निळा आहे असं सांग गं, ल्वांडलेच्या आई."

"निळा म्हणतात."

"रोजचा आहे, की फोनपुरता?"

"रोजचा," वेलाफी म्हणाला. "आठ वर्षांत मी त्या गावात शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडलेलं नाही. मुलाची शपथ."

"मुलाला मधे आणू नको म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी काय तो निकाल लावते. त्याला सांग, रविवारी घरात थांब."

तर रविवारचं हे असं होतं.

शनिवारी सकाळी वेलाफी कामावर पोचला तेव्हा गोवेंडरबाई कंटेनरच्या पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. गोवेंडरबाई म्हणजे ग्रामाच्या मॅनेजर, मूळच्या डर्बनच्या. कंटेनरच्या आत सिथोले बाबा गालाला टॉवेल बांधून कण्हत होते. सिथोले बाबा म्हणजे रोजचे मुखिया. रुंद छाती, सुटलेलं पोट, आणि आवाज असा की बसलेल्या गाईने उठून उभं राहावं. आज त्यांची दाढ सुजली होती आणि आवाजाच्या जागी नुसती लाळ येत होती.

"झुंगू, दोन बस आहेत," गोवेंडरबाई म्हणाल्या. "एक जर्मन पाहुण्यांची, एक इकडच्याच कुठल्याशा चर्चची. मुखिया नाही म्हणजे लग्न नाही, लग्न नाही म्हणजे कार्यक्रम नाही. तू हो."

"मी? ढोलवाल्यांपैकी कुणाला तरी करा की."

"मग ढोल कोण वाजवणार, तू?"

"बाई, मला मुखिया होता येत नाही."

"त्यात काय यायचंय? बसायचं, हात वर करायचा, एकदा नाचायचं, पाहुण्यांतून एक नवरी निवडायची. सिथोले अकरा वर्षं करतोय."

"मी शर्ट काढू शकत नाही. घरी शब्द दिलाय."

"मग तू मागितलेली उद्याची रजा मीही देऊ शकत नाही," बाई म्हणाल्या.

चर्च हा शब्द ऐकून वेलाफी सावध व्हायला हवा होता. पण त्या भागात दर टेकडीला एक चर्च आहे, आणि त्याचं डोकं रजेपाशीच अडकलं. उद्या रजा नाही म्हणजे झिबुयिले येईल आणि घराला कुलूप. सासूबाईंनी घरात थांब म्हणून सांगितलेलं, आणि हा इथे तिकिटं फाडत बसलेला. एकीकडे तासाभराची फजिती, दुसरीकडे बायकोशिवाय आणखी किती महिने, देव जाणे. आणि सासूबाई तर साठ किलोमीटर लांब, त्यांना सांगायला जातंय कोण? त्याने टाय सोडला.

खिडकीत कुणीतरी बसायला हवंच होतं, म्हणून वेलाफीचा शर्ट सिथोले बाबांच्या अंगात आणि टाय गळ्यात गेला. शर्टाची दोन बटणं लागेनात. त्यांनी गालावरचा टॉवेल तसाच ठेवला, दाढेच्या तीन गोळ्या एकदम गिळल्या आणि ते खिडकीत जाऊन बसले.

इकडे वेलाफीच्या अंगावर मुखियाचा पोशाख चढला. खरं तर चढला नाही, घसरला. सिथोले बाबांच्या मापाची कातडी त्याच्या खांद्यावर ठरेना. कमरेचा पट्टा दोन वेळा गुंडाळून शेवटी सुतळीने बांधला. गोवेंडरबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू जेवतोस की नाही रे?"

"बायको माहेरी आहे."

"कधीपासून?"

"चार महिने होत आले." चार महिने तो पाव आणि चहावर होता. कधीमधी डब्यातले मासे.

मुखियाच्या तीन पगारी बायकांतली थोरली नोम्वुला मडकी पुसत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "नवरा बदलून मिळाला म्हणून खूश झाले होते. हा तर अर्धाच दिलाय."

"एक लक्षात ठेव," गोवेंडरबाई म्हणाल्या. "मुखिया खाली बघत नाही. तू कायम मान खाली घालून वावरणारा माणूस आहेस, म्हणून मुद्दाम सांगते. लांब डोंगराकडे बघायचं. काहीही झालं तरी डोंगर."

दहा वाजता वेलाफी लाकडी बैठकीवर बसून डोंगराकडे बघू लागला.

आधी जर्मन पाहुणे आले. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. ते टोप्या घालून सावलीत उभे राहिले आणि जे दिसेल त्याचे फोटो काढू लागले. त्यांच्या मागून चर्चच्या बायका आल्या. तीस जणी. लाल ब्लाउज, काळे झगे, कपाळावर ओढलेल्या पांढऱ्या टोप्या. तीसही जणी सारख्या. फाटकाशी मुखियाची परवानगी मागताना त्यांनी असं काही भजन उचललं की ग्रामाच्या पगारी गायिका तोंडाला कुलूप लावून उभ्या राहिल्या. मग बायका आत आल्या आणि तपासणी सुरू झाली.

"अगं, हे मडकं उन्हात ठेवलंय. आंबट होईल आतलं."

"हे शेण कुणी सारवलं? आमच्याकडे असं सारवलं तर सासू रात्रभर पुसायला लावायची."

"जातं बघ, कोरडंच फिरवतेय. धान्य कुठाय गं?"

गोवेंडरबाई लाउडस्पीकरवर पूर्वजांची राहणी समजावून सांगत होत्या आणि खाली पूर्वजांच्याच लेकी चुका काढत होत्या. नोम्वुलाच्या हातून एकीने जातं काढून घेतलं आणि दळून दाखवलं. जर्मन पाहुणे सगळे तिकडे धावले. वेलाफी डोंगराकडे बघत राहिला. त्याला या बायकांचा मनस्वी वैताग आला होता, कारण त्या बोलत होत्या ते सगळं खरं होतं.

मग नवरी निवडायची वेळ आली.

सिथोले बाबा दर वेळी एखादी धिप्पाड परदेशी बाई निवडायचे आणि लोक हसून लोळायचे. वेलाफीने विचार केला. (इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण त्या दिवसात त्याने केलेला हा एकमेव विचार.) गोऱ्या तरुण बाईचा हात धरला तर फोटो निघणार. फोटो निघाला तर तो या फोनवरून त्या फोनवर जाणार आणि जेवणाच्या आत झिबुयिलेपर्यंत पोचणार. त्यापेक्षा चर्चच्या बायकांतली सगळ्यात वयस्कर, सगळ्यात भारदस्त, सगळ्यात सोज्वळ अशी एक निवडावी. तिच्यावरून कोण काय बोलणार? मधोमध छत्री टेकून एक जाडजूड आजीबाई उभी होती. वेलाफीने डोंगरावरची नजर न काढता तिच्याकडे हात केला.

बायकांनी एकच गलका केला. "जा, आई, जा. कुठे रोज मागणी येतेय आता." आजीबाईंनी थोडे आढेवेढे घेतले, मग छत्री शेजारणीकडे दिली, टोपी आणखी खाली ओढली आणि पुढे आल्या. त्यांची स्वारी त्या दिवशी खुशीत दिसत होती.

ढोल सुरू झाले. आणि काय सांगावं, वेलाफीला नाचता येत होतं. आठ वर्षं तो खिडकीतून हाच नाच रोज दोनदा बघत होता, तो कुठेतरी अंगात मुरला असणार. त्याने पाय कानाच्या वर नेला आणि धाडकन जमिनीवर आपटला, धूळ उडाली, जर्मन पाहुणे ओरडले. आजीबाईही कच्च्या नव्हत्या. त्यांनी काळा झगा दोन्ही हातांनी किंचित उचलला आणि ठेक्यावर अशी काही पावलं टाकली की मंडळाच्या बायका शिट्ट्या मारायला लागल्या. दोघांनी एकमेकांभोवती तीन फेऱ्या घातल्या. वेलाफीला मजा यायला लागली, आणि हे लक्षण कधीच चांगलं नव्हतं.

मग मडकं आलं. एरवी त्यात ज्वारीची बियर असते. चर्चच्या बायका बियरला हात लावत नाहीत म्हणून आज मक्याची आंबील होती. रीतीप्रमाणे आधी मुखिया प्याला, मग त्याच मडक्यातून नवरी प्याली. मग त्याने तिच्या डोक्यावरून घोंगडी पांघरली. शेवटचं काम राहिलं होतं, नवरीच्या पायाशी चटई अंथरायची. वेलाफी वाकला. वाकल्यावर डोंगर दिसत नाही.

पुढ्यात एक काळा, बंदाचा, डावा बूट होता. अंगठ्याच्या मुळाशी सुरीने कापलेलं गोल भोक.

खरं सांगायचं तर आधी त्याला आनंद झाला. परक्या गर्दीत ओळखीचं कुणी भेटल्यावर होतो तसा. हा बूट इथे कसा, असं काहीसं त्याच्या मनात आलं. मग त्याने मनातल्या मनात बुटापासून वर जायला सुरुवात केली, झग्यापर्यंत पोचला आणि हातातली चटई अर्धीच उलगडून राहिली.

ज्यांच्यासमोर घोटभर पाणी प्यायचं नाही त्यांना त्याने आपल्या उष्ट्या मडक्यातली आंबील पाजली होती. ज्यांच्यापुढे मान वर करायची नाही त्यांच्यापुढे त्याने पाय कानाच्या वर नेला होता. आठ वर्षांत बटण उघडलं नाही अशी शपथ घेऊन सोळा तास झाले नव्हते. आणि एवढं करून, साठ साक्षीदारांसमोर, लाउडस्पीकरवर, त्यांच्याशी लग्न लावलं होतं.

त्यात त्याच्या पायात टायरच्या चपला होत्या. त्याची करंगळी, ती शेजारच्या बोटावर चढून बसलेली निर्लज्ज करंगळी, त्या बुटापासून वीतभर अंतरावर उघडी पडली होती. सासूबाईंनी घोंगडी नाकापर्यंत ओढून घेतली होती आणि त्या हलत नव्हत्या. पण नवरीने घोंगडी नाकापर्यंत ओढायची आणि हलायचं नाही, हे तर कार्यक्रमातच होतं. त्यांनी ओळखलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

वेलाफीने शेजारची ढाल उचलली, तोंडापुढे धरली आणि तो उलटा चालायला लागला. गाईला धडकला. गाय बाजूला झाली. तो तसाच मागे मागे मुखियाच्या झोपडीपर्यंत गेला आणि गुडघाभर उंचीच्या दारातून ढुंगणाकडून आत शिरला.

"पाहा," गोवेंडरबाई लाउडस्पीकरवर म्हणाल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण त्या कधी अडत नसत. "नवरीच्या मानासाठी मुखिया पाठ न दाखवता माघारी जात आहेत." टाळ्यांचा कडकडाट झाला.

झोपडीत अंधार होता, गारवा होता. वेलाफीने सुस्कारा सोडला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आणि आता आपण सगळे मुखियाच्या झोपडीत जाणार आहोत."

त्याने गुंडाळलेल्या चटया अंगावर ओढून घेतल्या आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. एकेक पाहुणा रांगत आत येऊ लागला. वेलाफी चटईच्या फटीतून पायांची पाहणी करत होता. स्पोर्ट्स शूज, सँडल, पांढरे मोजे, चर्चचे काळे बूट. भोकाचा बूट नाही. एक वजनदार जर्मन पाहुणा दमून चटयांवर टेकला. वेलाफीने ओठ आवळून घेतले.

"आई, तुम्ही येत नाही आत?" बाहेर गोवेंडरबाई विचारत होत्या.

"मी या झोपडीत पाऊल टाकणार नाही." तोच आवाज. कालच्या फोनमधला.

"का हो?"

छत्रीचं टोक दोनदा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं, "गुडघे."

"आत्ता तर केवढ्या नाचलात."

"नाचताना वाकावं लागत नाही."

देवा, त्यांचे गुडघे असेच ठेव, अशी वेलाफीने जर्मन माणसाखालून प्रार्थना केली.

बस गेल्यावर तो धावत तिकीट खिडकीत गेला. सिथोले बाबा टायवर मान टाकून झोपले होते. त्याने त्यांना हलवून जागं केलं.

"जोबे, इथे छत्रीवाली एक आजी आली होती का?" (सिथोले लोकांना मानाने जोबे म्हणायचं. घाईतसुद्धा.)

"आली होती ना." गोळ्यांनी त्यांची जीभ जड झाली होती. "तऱ्हेवाईक बाई. तिकिटं दुसरीने काढली. ही छत्री तोंडापुढे धरून खिडकीवरून गेली, परत आली, परत गेली. छत्रीच्या खालून टायचं टोक बघितलं माझ्या. मला तर डोळे उघडवत नव्हते, मी मान खाली घालून पेंगत होतो. तर म्हणते काय, मला नाही, भिंतीला म्हणते, 'वळण चांगलं आहे.' आणि गेली आत."

वेलाफी मटकन स्टुलावर बसला. म्हणजे त्या खात्री करायला आल्या होत्या, आणि त्यांची खात्री पटली होती. खिडकीत निळा टाय होता, मान खाली होती. जावई जर खिडकीत होता, तर मुखिया कोणीही असू शकतो. देशात नाचणारे काय कमी आहेत? वाकड्या करंगळ्या काय कमी आहेत? एक क्षण त्याला अगदी हलकं वाटलं. दुसऱ्या क्षणी त्या बुटापासून वीतभर अंतरावरची आपली करंगळी डोळ्यांपुढे आली.

"झुंगू," गोवेंडरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे पुसत होत्या. "ते ढाल घेऊन पळणं कुठून सुचलं तुला? जर्मन लोकांनी परत यायचं ठरवलंय. सिथोलेला शिकव सोमवारी. आणि उद्याची रजा दिली."

रविवारी सकाळी सहापासून वेलाफी घरात बसून होता. शर्टाला इस्त्री, गळ्यात टाय, टायवर सिथोले बाबांच्या लाळेचा एक डाग, तो त्याने दोनदा धुतला होता. घर झाडून झालं, पुन्हा झाडून झालं. प्रत्येक टॅक्सीच्या आवाजाला तो दाराशी जाई आणि परत येऊन बसे. नऊ वाजले. दहा वाजले. सासूबाईंनी ओळखलं असणार. झिबुयिले आता येत नाही, ल्वांडले मोठा होईल आणि शाळेत विचारतील तेव्हा सांगेल, माझे बाबा नाचतात. वेलाफीला रडू फुटायच्या बेतात होतं.

साडेदहाला टॅक्सी थांबली आणि झिबुयिले उतरली. पाठीला बांधलेला ल्वांडले, हातात दोन पिशव्या, डोक्यावर भलंमोठं पातेलं.

वेलाफी धावतच गेला. पातेलं घेऊ की पोराला घेऊ हे न कळून त्याने झिबुयिलेलाच मिठी मारली, भर रस्त्यात, टॅक्सीतले पंधरा जण बघत असताना. ल्वांडलेने बापाच्या टायचं टोक पकडलं आणि तोंडात घातलं. चार महिन्यांत वेलाफीला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"आई काय म्हणाल्या?" घरात आल्या आल्या त्याने विचारलं.

"आधी जेवा." तिने पातेलं उघडलं. बोकडाचं मटण, घेवडा घालून शिजवलेला मका, वाफेचे पाव. त्याच्यापुढे ताट ठेवून ती समोर बसली. त्याने दोन घास गिळल्यावर मग तिने सांगायला घेतलं.

"आई म्हणाली, जावई खिडकीत होता. टाय निळा होता. मान खाली होती. सांगितलं होतं तसंच सगळं होतं."

"मी सांगितलंच होतं," वेलाफी म्हणाला आणि त्याने तिसरा घास चांगला मोठा घेतला.

"मग मुखियाबद्दल बोलली."

घास तिथेच थांबला.

"म्हणाली, तो मुखिया कोण, कुठला, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. पण मंडळातल्या तिघींनी त्याच्या फासळ्या वेगवेगळ्या मोजल्या आणि तिघींचा आकडा एक आला. अशा माणसाची बायको माहेरी बसून काय करतेय, तिला काही जनाची-मनाची आहे का, म्हणाली. आणि उठून माझी पिशवी भरायला लागली."

वेलाफी ताटाकडे बघत राहिला. इतके दिवस टायला जपलं, आठ वर्षं बटणं लावून घामेजत बसला, आणि बायको घरी आली ती फासळ्यांमुळे. हसावं की वाईट वाटून घ्यावं, त्याला ठरवता येईना.

"म्हणजे त्यांनी ओळखलं."

"ओळखलं कसं म्हणू? तिने तोंड कुठे पाहिलंय तुमचं. मुखियाची करंगळी दिसली, एवढंच म्हणाली."

"रागावल्या?"

"नाही हो. मटण कुणी दिलंय मग?"

त्याच्या जिवात जीव आला. त्याने हाड चोखलं, बोटं पुसली. ल्वांडले मांडीवर पाय झाडत होता. तो जर्मन लोकांचा ओरडा, ती उडालेली धूळ, सगळं त्याला पुन्हा आठवलं. शेवटी त्याला राहवेना.

"आणि नाच?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. "नाचाबद्दल काही बोलल्या?"

झिबुयिलेने त्याच्या ताटात आणखी मका वाढला.

"बोलली ना. म्हणाली, जावयाकडे बघायचं नाही असं जुन्या माणसांनी का ठरवलं असेल, ते मला साठ वर्षांत कळलं नव्हतं. काल कळलं."